तानपुऱ्याआड घरघर नको: घरच्या रेकॉर्डिंगसाठी शांत कॉम्प्युटर कसा निवडावा

तानपुरा जुळला, खिडक्या लावल्या, छताचा पंखा बंद केला, आणि मग टेबलाखालची घरघर ऐकू आली. एरवी छताच्या पंख्याखाली कॉम्प्युटरचा आवाज झाकलेला असतो. रेकॉर्डिंगच्या वेळी मात्र खोलीत तेवढाच उरतो.

‘नंतर सॉफ्टवेअरने काढू’ हा उपाय मला पटत नाही. पंख्याचा आवाज एका सुरात नसतो, खर्जापासून तारापर्यंत सगळीकडे पसरलेला असतो. तो पुसायला गेलं की जवारीचे बारीक स्वरही पुसले जातात. मी हे करून पाहिलं आहे. घरघर गेली, पण तानपुरा निर्जीव झाला. म्हणून आवाज मुळातच होऊ नये हे पाहायचं.

आधी दोषी कोण ते ठरवा. माइक नेहमीच्या जागी ठेवून, गेन (माइकचा आवाज किती वाढवून घ्यायचा ते) गाताना असतो तेवढाच ठेवून ३० सेकंद शांतता रेकॉर्ड करा. मग माइक हळूहळू कॉम्प्युटरकडे नेत हेडफोनवर ऐका. घरघर झपाट्याने वाढली तर कॉम्प्युटरच दोषी. न वाढल्यास फ्रीज किंवा रस्त्याकडची खिडकी तपासा.

नवीन मशीन घ्यायचंच असेल तर उष्णतेपासून सुरुवात करा, कारण पंखा फिरतो तो उष्णतेमुळे. गायन आणि चार-सहा वाद्यांच्या ट्रॅकसाठी ६ ते ८ कोअरचा, ६५ वॉटच्या वर्गातला प्रोसेसर आणि १६ जीबी रॅम पुरते. (६५ वॉट लिहिलेला प्रोसेसर जोरात चालताना त्याहून जास्त वीज खाऊ शकतो. बायोसमध्ये, म्हणजे कॉम्प्युटर सुरू होताना उघडता येणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये, त्यावर मर्यादा घालता येते, ती घाला.) ग्राफिक्स प्रोसेसरमध्येच असलेलं घ्या. वेगळं ग्राफिक्स कार्ड म्हणजे वेगळी उष्णता आणि वेगळे पंखे, आणि गाण्याच्या कामाला त्याचा उपयोग जवळजवळ नाहीच.

आता पंखे. इथे पैसे वाचवू नका. मोठा पंखा हळू फिरूनही पुरेशी हवा ढकलतो, छोट्याला तेवढ्याच हवेसाठी किंचाळावं लागतं. पंख्याचा वेग निम्मा केला तर त्याचा आवाज साधारण १५ डेसिबलने उतरतो, आणि १० डेसिबल उतरला तरी कानाला तो जवळपास निम्मा वाटतो. म्हणून १२० किंवा १४० मिलिमीटरचे पंखे घ्या आणि मिनिटाला ६०० ते ८०० फेऱ्यांवर चालवा. प्रोसेसरच्या खोक्यातला छोटा कूलर बाजूला ठेवून १२० मिलिमीटर पंख्याचा उंच टॉवर कूलर बसवा. तो कॅबिनेटमध्ये मावतो का, ते आधी मोजून घ्या. पाण्याचे कूलर मी टाळतो. त्यांचा पंप सतत गुणगुणत राहू शकतो.

कॅबिनेट निवडताना मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर काय किंवा आपल्या गावातल्या दुकानात काय, पुढे काच आणि रंगीत दिवे असलेलं आधी दाखवतील. ते नको. आतून फोम लावलेली कॅबिनेटंही मिळतात, पण आपल्याकडच्या उन्हाळ्यात ती आत उष्णता कोंडतात आणि पंखे आणखी जोरात फिरतात. माझं मत जाळीच्या, मोकळ्या कॅबिनेटला. दर महिन्याला जाळीवरची धूळ काढा. आणि दुकानात कान लावून निवड करू नका. तिथल्या गोंगाटात प्रत्येक मशीन शांतच वाटतं.

स्टोरेजसाठी एसएसडीच, म्हणजे आत काहीही न फिरणारी डिस्क. फिरणाऱ्या हार्ड डिस्कच्या मिनिटाला ७,२०० फेऱ्या म्हणजे सेकंदाला १२०, आणि ती १२० हर्ट्झची थरथर टेबलातून माइकच्या स्टँडपर्यंत पोहोचते. जुनी रेकॉर्डिंग्ज बाहेरच्या डिस्कवर ठेवा आणि गाताना ती काढून ठेवा. पॉवर सप्लाय असा घ्या, ज्याचा पंखा कमी भारावर थांबूनच राहतो.

जुळवाजुळव नको असेल तर अ‍ॅपलचा छोटा कॉम्प्युटर मॅक मिनी हा शांत, तयार पर्याय आहे. इतर लहान डब्यांबाबत सावध राहा, कारण त्यांचे इवलेसे पंखे भार आला की सुसाटतात.

मशीन घरी आलं की बायोसमध्ये पंख्यांची चाल ठरवा. प्रोसेसर ६० अंशांपर्यंत जाईस्तोवर एकच कमी वेग राहू द्या. एकसारखी हलकी सुं सुं कान विसरतो, पण आलापाच्या मधेच चढणारा पंखा विसरता येत नाही.

मग जागा. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट केलं की आवाज ६ डेसिबल उतरतो, खोलीत भिंतींमुळे त्याहून थोडा कमी उतरतो. कार्डिऑइड माइकची (जो समोरचं ऐकतो, मागचं फारसं नाही) पाठ कॉम्प्युटरकडे करा. साधी यूएसबी केबल ५ मीटरपर्यंत चालते, त्यामुळे इंटरफेस (माइक कॉम्प्युटरला जोडणारा डबा) गायकाजवळ आणि कॉम्प्युटर खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवता येतो. बंद कपाटात मात्र कोंडू नका.

शेवटची चाचणी मेमधल्या दुपारी घ्या. छताचा पंखा बंद, दारं बंद, आणि सलग २० मिनिटं रेकॉर्डिंग. पहिल्या मिनिटाची शांतता आणि विसाव्या मिनिटाची शांतता एकापाठोपाठ हेडफोनवर ऐका. दुसरीत घरघर वाढली असेल तर पुन्हा बायोस उघडून प्रोसेसरची वीजमर्यादा आणखी थोडी खाली आणा.