लॅपटॉप किंचाळला तरी नंबर लावू नका

परवा पाचपाखाडीतल्या एका काकूंचा फोन आला, मागे सायरनसारखा आवाज. "अरे, लाल पडदा आलाय, बंदच होत नाही. खाली नंबर दिलाय, लावू का?" म्हटलं, काकू, आधी आवाज बंद करा.

तो पडदा म्हणजे व्हायरसचा खोटा इशारा देणारं, स्क्रीनभर पसरवलेलं नुसतं वेबपान, आणि खालचा नंबर भामट्यांचा. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या एरर मेसेजमध्ये फोन नंबर कधीच नसतो. एस्केप बटण दोन-तीन सेकंद दाबून धरा. नाही हटला, तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा, टास्क मॅनेजरमध्ये ब्राउझर निवडून 'एंड टास्क' करा. ब्राउझर परत उघडल्यावर 'रिस्टोअर' विचारेल. हो म्हणालात की तीच बया पुन्हा हजर.

आता मूळ शोधा. सेटिंग्जमध्ये इन्स्टॉल केलेली ॲप्स तारखेनुसार लावा. काकूंच्या भाच्याने फुकटचा पीडीएफ कन्व्हर्टर टाकला होता. त्याच दिवशी एक 'पीसी क्लीनर' आणि ब्राउझरला जोडलं जाणारं कुपनवालं एक्स्टेन्शनही चिकटलेलं. भाचा म्हणे, "मी फक्त नेक्स्ट-नेक्स्ट केलं." तिन्ही काढली. मग ब्राउझरची नोटिफिकेशनची यादी बघा, अनोळखी साइट्सची परवानगी काढा. कोपऱ्यातले व्हायरसचे इशारे बऱ्याचदा तिथूनच येतात. शेवटी विंडोजच्याच अँटिव्हायरसचं, म्हणजे डिफेंडरचं, फुल स्कॅन.

नंबर लावून कुणाला लांबून स्क्रीनचा ताबा दिला असेल, तर आधी वायफाय तोडा, मोबाइलवरून बँकेला कळवा, पासवर्ड बदला. पैसे गेले असतील तर लगेच सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० वर, फोन करा.

काकूंचं गॅसवरचं दूध मात्र या गडबडीत उतू गेलं.