टिअरड्रॉप ट्रेलर: मागच्या झाकणाची गळती कशी थांबली

टिअरड्रॉप म्हणजे गाडीमागे ओढायचा, थेंबाच्या आकाराचा छोटा कॅम्पिंग ट्रेलर; मागचं झाकण उचललं की आत स्वयंपाकाचा ओटा. साताऱ्याच्या पावसात त्या झाकणातून पाणी थेट ओट्यावर. वरून सीलंट चोपडून उपयोग शून्य, कारण बिजागरीच्या स्क्रूच्या भोकात प्लायची कच्ची कड उघडी होती; ती पाणी पिऊन फुगते, स्क्रू सैल होतो.

बिजागरी काढून प्लाय खडखडीत वाळवला. 4 मिमी स्क्रूची भोकं 8 मिमी बिटने मोठी केली, खालून टेप लावून इपॉक्सी (दोन भाग मिसळून कडक होणारं राळ) भरलं. 24 तासांनी मधोमध 3 मिमीचं भोक, बिजागरीखाली ब्युटाइल टेप (मऊ, चिकट रबरी पट्टी), स्टेनलेस स्क्रू. स्क्रू आवळताना ही टेप कडेने जराशी बाहेर आली की थांबा. सिलिकॉन नकोच, त्यावर रंग धरत नाही.

आणि प्लाय घेताना आयएस 710चा, म्हणजे पाण्यात टिकणाऱ्या मरीन प्लायच्या भारतीय मानकाचा, शिक्का बघा. साध्या, कमर्शियल प्लायचे थर पावसात सुटतात.