उजव्या हाताचा हिशोब

माझ्या उजव्या बाजूच्या स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन सहा वर्षांपूर्वी परळला टाटात झालं. काखेतल्या ग्रंथीही काढल्या. हाताला सूज आली ती मात्र तीन वर्षांनी, आणि तीसुद्धा एका बांगड्यामुळे. आडाळ्यावर, म्हणजे विळीवर, मासे कापताना पराचा काटा बोटात गेला. रक्त पुसलं, हळद लावली, कालवण केलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मनगटापासून कोपरापर्यंत हात लालभडक, तापलेला, आणि अंगात हुडहुडी. सकाळपर्यंत बघू म्हणून मी रात्रभर लेप लावून बसले. ती चूक माझी. अँटिबायोटिकने ताप उतरला, लाली गेली, सूज मात्र पुरती गेली नाही. शेजारीण म्हणाली, "वयनी, हत्तीरोग नाय मां गो?"

हत्तीरोग नव्हे. याला लिम्फेडेमा म्हणतात. आमच्याकडे माडांना पाटाने शिंपणं असतं. पाट मधेच बुजला की पाणी मागे तुंबतं. काखेतल्या ग्रंथी काढल्या किंवा तिथे रेडिएशन दिलं की हातातल्या पाण्याचं तसंच होतं. एकदोनच ग्रंथी तपासणीला काढल्या असतील तर धोका बराच कमी, पण नसतोच असं नाही. आणि वर्षं उलटल्यावरही सूज येऊ शकते, म्हणून "आता काय व्हायचंय" असं म्हणू नये.

सगळ्यात आधी टेप घ्या, शिंप्याकडची असते ती. मनगटाच्या हाडापासून वर दर दहा सेंटिमीटरवर पेनने खूण करायची आणि तिथे घेर मोजायचा, दोन्ही हातांचा. टेप टेकवायची, आवळायची नाही. मी महिन्याच्या एक तारखेला, सकाळी चहाच्या आधी मोजते आणि कॅलेंडरवर दुधाच्या हिशोबाशेजारी आकडे लिहिते. ऑपरेशन व्हायचं असेल तर त्याआधीच एकदा मोजून ठेवा. कामाचा हात मुळातच थोडा जाड असतो, तो फरक माहीत असलेला बरा. एखाद्या ठिकाणी फरक पूर्वीपेक्षा दोन सेंटिमीटरने वाढला तर लगेच दाखवायचं. त्याआधीही हात सांगतोच: जड वाटतो, अंगठी रुतते, ब्लाउजची एकच बाही घट्ट होते. सुरुवातीची सूज हात उंच ठेवला की उतरते. पुढे ती घट्ट होत जाते आणि मग आटोक्यात आणणं कठीण.

आता स्वयंपाकघर. मासे आणि कोलंबी साफ करताना जाड रबरी हातमोजे. आंब्याच्या देठाचा चीक आणि ओले काजूगर सोलताना निघणारं तेल कातडी भाजतं, तिथेही हातमोजेच. हंगामात मी मोजे विसरले की सूनबाई ओरडते. फोडणी आणि चुलीपाशी डावा हात पुढे. रात्री हाताला खोबरेल किंवा साधं क्रीम चोळायचं, कातडी फुटू द्यायची नाही. चिरलं, डास चावून खाजवलं, तर साबणाने धुऊन अँटिसेप्टिक लावा. लाली पसरू लागली, हात तापला किंवा ताप भरला तर त्याच दिवशी डॉक्टर. हळद नंतर. सुई आणि बीपीसाठी मी डावा हात पुढे करते. अडचणीच्या वेळी उजव्या हातात सुई टोचली म्हणून घाबरून जाऊ नका.

दुसरी चूक मी उलट्या दिशेने केली. वर्षभर हात देव्हाऱ्यातल्या मूर्तीसारखा जपला. घागर नको, खोवणी नको. खांदा आखडला, सूज होती तिथेच राहिली. स्नायू हलले की तेच पाणी पुढे ढकलतात. अमेरिकेत 141 महिलांवर झालेला एक अभ्यास 2009 साली प्रसिद्ध झाला. या सगळ्यांना आधीच लिम्फेडेमा होता. आठवड्यातून दोनदा, हळूहळू वाढवत वजन उचलूनही त्यांची सूज वाढली नाही. मी अर्ध्या लिटरच्या पाण्याच्या बाटलीपासून सुरुवात केली, म्हणजे अर्धा किलो. हात जड वाटला नाही तरच पुढच्या आठवड्यात थोडं जास्त. एकदम आंब्याची पेटी उचलायला जाऊ नका. आणि रोज हात उशीवर उंच ठेवून पंचवीसेक वेळा मूठ उघडायची-मिटायची, मधे पोटातून खोल श्वास घ्यायचा.

मालिश मात्र तेलवालीकडून रगडून घ्यायचं नाही. इथला दाब दुधावरची साय बोटाने सरकवावी इतकाच. बोटं घसरत नाहीत, कातडी हलते. क्रमही पाटासारखाच, आधी पुढची वाट मोकळी करायची: मान, डाव्या बाजूची काख, मग उजवा दंड, शेवटी मनगट. हे फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्या, वाचून जमत नाही. हात लाल असेल तर मालिश बंद.

सूज टिकली तर आधी पट्ट्या बांधून ती उतरवतात आणि मग मापाची स्लीव्ह, म्हणजे हाताला दाबून धरणारी ताणाची बाही, देतात. अंदाजाने विकत आणलेली स्लीव्ह नुकसान करते. बोटं निळी पडली किंवा बधिर झाली तर काढून टाका. सकाळी उठल्या उठल्या, हात बारीक असतो तेव्हा घालायची, झोपताना काढायची. भांड्यांचे रबरी मोजे घातले की ती सहज वर सरकते. रोज हाताने धुवायची, पिळायची नाही, सावलीत वाळवायची. सहा महिन्यांत तिचा ताण जातो, मग नवी. आमच्या दमट हवेत दोन हव्यातच. पावसाळ्यात दोन्ही ओल्या राहतात म्हणून मी तिसरी ठेवलीय.

लघवी होण्याच्या गोळ्या कुणी सुचवल्या तर घेऊ नका, या सुजेला त्या लागू पडत नाहीत. हात अचानक सुजला आणि दुखूही लागला तर स्लीव्ह न चढवता आधी डॉक्टरांकडे जा. रक्ताची गुठळी किंवा आजार परत आलाय का, हे बघावं लागतं.

गणपतीत कासार आला की मी डावा हात पुढे करते. काचेची बांगडी फुटून लागायला नको, म्हणून उजव्यात एकच सोन्याची पाटली, तीही सैल. ती मनगटावर फिरेनाशी झाली की एक तारखेची वाट बघत नाही, टेप काढते.