दोन फौजांच्या शहरात नोकरीला जाताना

भाच्याला दक्षिण सुदानच्या राजधानीतल्या, जुबामधल्या एका बांधकाम कंपनीचं पत्र आलंय. "मामा, जाऊ का?" असं त्यानं विचारलं तेव्हा माझ्याकडून चटकन हो निघालं नाही, आणि नाहीही निघालं नाही. मी तीन वर्षं सुदानमध्ये, राजधानी खार्टूमच्या बहरी भागात, एका कारखान्यात इलेक्ट्रिशियन होतो. एप्रिल २०२३ मध्ये तिथून जीव वाचवून परतलो. पण मिरजेतलं आमचं घर त्याच पगारातून उभं राहिलंय, तेव्हा जाऊच नकोस असं कुठल्या तोंडानं म्हणू? दोन रात्री बसून त्याला जे सांगितलं तेच इथं लिहितोय. सुदान, दक्षिण सुदान, पूर्व काँगो, सोमालिया अशा ठिकाणी कामाला निघालेल्या कुणालाही ते लागू पडेल.

आधी कागद. पासपोर्टवर ईसीआर, म्हणजे परदेशी नोकरीआधी सरकारी परवानगी लागेल असा शेरा, असेल तर सुदान आणि दक्षिण सुदान या दोन्ही देशांत नोकरीसाठी जाताना ई-मायग्रेट या सरकारी पोर्टलवरची परवानगी लागते. ती चुकवायला एजंट व्हिजिट व्हिसावर पाठवतो. तसं जाऊ नका, कारण मग तुम्ही तिथं आहात याची सरकारदरबारी नोंदच राहत नाही. प्रवासी भारतीय विमा काढा. दोन वर्षांचे २७५ रुपये पडतात आणि अपघाती मृत्यूला १० लाखांचं संरक्षण मिळतं. पिवळ्या तापाची लस निघायच्या किमान दहा दिवस आधी अधिकृत केंद्रात घ्या आणि ते पिवळं कार्ड पासपोर्टसोबत ठेवा. आमच्या वेळी सुदानहून सुटून आलेल्या कित्येकांना कार्ड नाही म्हणून विमानतळावरूनच विलगीकरणात नेलं. घरची माणसं बाहेर उभी आणि हे आत अडकलेले.

आता सगळ्यांत महत्त्वाचं. पासपोर्ट स्वतःच्या ताब्यात ठेवा. आमच्या कंपनीनं व्हिसा नूतनीकरणासाठी म्हणून सगळ्यांचे घेतले आणि तिजोरीत ठेवून दिले. मी दर महिन्याला मागत राहिलो म्हणून माझा परत मिळाला. आमच्यातल्या चौघांचे तिथंच राहिले. तिजोरी निळ्या नाईलच्या पलीकडच्या ऑफिसात, आणि पुलांवर बंदुका. शिक्का बसला की लेखी अर्ज देऊन परत मागा आणि अर्जाची पोच घ्या. पासपोर्ट, व्हिसा, करारपत्र, लशीचं कार्ड या सगळ्यांचे फोटो घरी पाठवून ठेवा. माझ्या बायकोनं मिरजेत बसून त्या चौघांचेही फोटो दूतावासाच्या अर्जाला जोडले. त्यावरून पोर्ट सुदान या बंदरावर त्यांना इमर्जन्सी सर्टिफिकेट, म्हणजे पासपोर्टऐवजी परतीचा कागद, मिळालं.

वारं कुठून सुटतंय हे ओळखायला राजकारणातलं फार कळावं लागत नाही. एक प्रश्न विचारायचा: या शहरात फौजा किती? खार्टूममध्ये दोन होत्या. एक जनरल बुरहान यांचं सैन्य, त्याला लोक जेश म्हणत. दुसरी हेमेदती नावाच्या सेनापतीची आरएसएफ ही निमलष्करी फौज, तिला दआम. पश्चिमेकडच्या दारफूर प्रांतात कुप्रसिद्ध झालेल्या जंजावीद टोळ्यांमधून २०१३ मध्ये ही दुसरी फौज उभी राहिली. तिचा सेनापती वेगळा आणि कमाईही वेगळी, सोन्याच्या व्यापाराची. २०१९ मध्ये राष्ट्राध्यक्ष बशीर सत्तेवरून गेले, ऑक्टोबर २०२१ मध्ये बुरहान आणि हेमेदती यांनी मिळून सत्ता घेतली, आणि डिसेंबर २०२२ मध्ये ती नागरी सरकारकडे सोपवायचा करार झाला. मग प्रश्न आला की दआम जेशमध्ये कधी विलीन होणार. सैन्य म्हणे दोन वर्षांत, हेमेदती म्हणे दहा वर्षांत. अंतिम सही १ एप्रिलला व्हायची होती, ती ६ तारखेवर गेली, ६ तारीखही हुकली. १३ तारखेला खार्टूमपासून सुमारे साडेतीनशे किलोमीटरवरच्या मेरोवे विमानतळाजवळ दआमच्या गाड्या जमल्या. १५ तारखेला, रमझानमधल्या शनिवारी सकाळी, आमच्या खिडक्या हादरायला लागल्या.

हे सगळं आमच्या डोळ्यांदेखत घडत होतं. कारखान्यातले सुदानी कामगार ६ तारखेनंतर घरी पीठ भरून ठेवायला लागले होते. आम्ही ईदच्या सुट्टीचे बेत करत बसलो. म्हणून सांगतो, दोन फौजा असलेल्या गावात त्या एक व्हायची तारीख कॅलेंडरवर लाल पेनानं लिहा. ती एकदा हुकली तर सामान भरा, दुसऱ्यांदा हुकली तर रजा टाका. जुबात हेच झालं होतं. विरोधी गटाचे नेते रिक माचार आपले सैनिक घेऊन एप्रिल २०१६ मध्ये राष्ट्राध्यक्ष साल्वा कीर यांच्या राजधानीत आले आणि जुलैत दोन्हीकडचे रस्त्यावर एकमेकांवर तुटून पडले. आपल्या सरकारला तेव्हा दोन सी-१७ विमानं पाठवून लोक आणावे लागले. २०१८ मध्ये त्यांचा पुन्हा करार झाला, पण फौजा अजून पुरत्या एक झालेल्या नाहीत. मार्च २०२५ पासून माचार नजरकैदेत, आणि पुढं पुढं ढकललेली निवडणूक डिसेंबर २०२६ वर गेली. भाच्याला म्हटलं, या तारखा पाठ कर, मग ठरव.

खोली घेताना भाड्याआधी नकाशा बघा. खार्टूमचा विमानतळ शहराच्या ऐन मधे आणि लष्कराचं मुख्यालय त्याला लागून. पहिल्याच तासात लढाई तिथं पेटली. काही झालं तर विमानानं निघून जाऊ, हा सगळ्यांचा बेत तिथंच संपला. आपला दूतावासही विमानतळाजवळ, त्यामुळे कर्मचाऱ्यांनाही दुसरीकडून काम करावं लागलं. विमानतळ, मुख्यालय, दूरदर्शनची इमारत, मोठा पूल यांच्यापासून लांब राहा, आणि शहराबाहेर पडायला पूल न ओलांडता जाता येईल अशा बाजूला. आम्ही बहरीत होतो म्हणून उत्तरेचा रस्ता आम्हाला नदी न ओलांडता मिळाला. ही आमची हुशारी नव्हती, कारखाना तिथं होता एवढंच.

आता पाणी. यावर मी जास्त लिहिणार आहे, कारण गोळीच्या आधी तहान दार ठोठावते. बहरीचं जलशुद्धीकरण केंद्र लढाईत सापडलं आणि पहिल्याच दिवशी नळ बंद झाले. एप्रिलात तिथं चाळिशीच्या वर ऊन. गच्चीवर आमची हजार लिटरची टाकी, पाऊण भरलेली. वीज येईल तेव्हा आम्ही वाळ्याचा कूलर लावत होतो. तो पाणी किती ओढतो हे इलेक्ट्रिशियन असून माझ्या डोक्यात आलं नाही. १७ तारखेला टाकीत काठी घालून मोजलं तर ५२० लिटर. त्या क्षणी कूलरची नळी कापली. सात माणसं, माणशी सहा लिटर, रोजचे ४२. म्हणजे बारा दिवस. भिंतीवर कोळशानं '२९ एप्रिल' लिहिलं आणि ठरवलं की तिसरा हिस्सा उरला की काहीही होवो, निघायचं. पाणी संपल्यावर निघालेला माणूस रस्त्यात कुठल्याही अटीला कबूल होतो.

तुम्हीही पहिल्या दिवशीच मोजा. अंघोळ बंद, संडासाला भांडी धुतलेलं पाणी. तांदूळ-डाळीपेक्षा भिजवून खायचे पोहे, खजूर, शेंगदाण्याचा कूट जास्त कामाला येतो, कारण गॅस आणि पाणी दोन्ही वाचतं. झोपायचं आतल्या बोळात, बाहेरच्या गोळीला दोन भिंती आडव्या येतील असं. सिलिंडर तिथून लांब. गच्चीवर बघायला जायचं नाही. तिकडं केरळचे एक भारतीय गृहस्थ घरातच, खिडकीतून आलेल्या गोळीनं गेले.

फोनसाठी आम्ही एका जुन्या जीपची बारा व्होल्टची बॅटरी आत आणली आणि गाडीचाच चार्जर जोडला. सात फोनांपैकी एका वेळी एकच चालू. घरी दिवसातून एकच संदेश, ठरलेल्या वेळी: "सातही ठीक." आईला व्हिडिओ पाठवू नका. गोळीबाराचा आवाज ऐकून ती तुमच्यासाठी काही करू शकत नाही, फक्त जागते.

पैसे दोन ठिकाणी ठेवा. बँकेच्या अॅपमध्ये आमचे दोन महिन्यांचे पगार होते, पण अॅप उघडेना. बसवाल्यानं डॉलरच मागितले, आणि रोज वाढवून. छोट्या, कोऱ्या, नव्या छपाईच्या डॉलरच्या नोटा पहिल्या पगारापासून बाजूला टाकत जा. मळक्या, जुन्या नोटा तिकडं परत तोंडावर फेकतात.

अफवांसाठी मी एक वही केली होती. कोण म्हणालं, त्यानं स्वतः पाहिलं का, कधी पाहिलं. स्वतः पाहिलेलं नसेल तर खाली रेघ मारायची. "कंपनीची गाडी येतेय" ही बातमी वहीत पाच वेळा आहे, पाचही वेळा खाली रेघ. २१ तारखेला ईदची शस्त्रसंधी जाहीर झाली आणि त्याच दिवशी तोफा चालल्या. शेवटी खरी बातमी दिली ती शेजारच्या हाजांनी. ते सत्तरीचे, निवृत्त रेल्वे कामगार. त्यांचा पुतण्या उत्तरेकडच्या शेंदी गावाहून त्याच दिवशी आला होता, रस्ता डोळ्यांनी बघून. म्हणून पहिल्या दिवसापासून गल्लीतल्या माणसांशी बोला. मोडकं अरबी चालतं. तीन वर्षं आम्ही त्यांच्या ओट्यावर चहा पीत होतो, त्यांच्या दारातल्या रांजणातलं पाणी पीत होतो. तिथं कित्येक घरांबाहेर वाटसरूंसाठी मातीचे रांजण असतात, आपल्या पाणपोईसारखे. बसही हाजांनीच ठरवून दिली.

२५ एप्रिलला, बहात्तर तासांच्या शस्त्रसंधीच्या पहिल्या पहाटे निघालो. शेंदी, अतबारा, हय्या, पोर्ट सुदान. साधारण आठशे किलोमीटर. नाक्यांवर कसं वागायचं ते ऐका. बोलायचं ते ड्रायव्हर बोलेल. हात दिसतील असे मांडीवर, गॉगल काढून. लष्करी रंगाचे कपडे, बूट, टोपी घरीच टाका. फोनमधले सैनिकांचे, रणगाड्यांचे फोटो आदल्या रात्रीच पुसा, व्हॉट्सअॅप ग्रुपमधलेसुद्धा. विचारलं तर "सलाम अलेकुम, अना हिंदी, आमिल", म्हणजे मी भारतीय, कामगार. कोणाच्या बाजूनं, हे कधीच नाही. दआमचा एक नाका सोळा-सतरा वर्षांच्या पोराच्या हाती होता. त्यानं माझं घड्याळ मागितलं, मी दिलं. असं काही द्यायला हाताशी ठेवा आणि देताना रेंगाळू नका.

पोर्ट सुदानला आपले अधिकारी होते. ऑपरेशन कावेरी या आपल्या सरकारच्या सुटका मोहिमेत नौदलाचं जहाज आयएनएस सुमेधा पहिल्या २७८ जणांना घेऊन जेद्दाला गेलं होतं. आम्ही नंतरच्या तुकडीत, हवाई दलाच्या सी-१३० मधून जेद्दा, तिथून मुंबई. ५ मेपर्यंत ३,८६२ लोक बाहेर काढले. रांगेत नाव लावताना कंपनीची यादी यायची वाट बघू नका, स्वतःचं स्वतः लावा. परतल्यावर थकलेल्या पगारासाठी परराष्ट्र मंत्रालयाच्या मदद पोर्टलवर तक्रार नोंदवा. करारपत्राचा फोटो तिथंच उपयोगी पडतो.

निघायच्या रात्रीचं एक सांगायचं राहिलं. टाकीत १८४ लिटर उरलं होतं. हाजांच्या घरात सून आणि चार नातवंडं, त्यांचा रांजण कोरडा. कूलरची कापलेली नळी होतीच. ती आमच्या टाकीच्या तोटीला घट्ट बांधली, भिंतीवरून त्यांच्या अंगणात सोडली, तोटी अर्धी उघडी ठेवली आणि दाराची किल्ली हाजांच्या हातात दिली. तुम्हीही निघाल तेव्हा पीठ, तेल, सिलिंडर, बॅटरी आदल्या संध्याकाळीच शेजारी पोचवा. पहाटे वेळ मिळत नाही.