चाकाचा आउट घरीच काढा

सायकल उलटी करून सीट आणि हँडलवर उभी करा, चाक फिरवा आणि ब्रेकच्या रबराकडे बघा. रिम कधी रबराला घासतेय, कधी लांब जातेय, तर चाक आउट झालंय. आउट काढायला एक स्पोक पाना, म्हणजे चाकाच्या तारा (स्पोक) कसायचा पाना पुरतो. मात्र तो निप्पलवर, म्हणजे स्पोकच्या रिमकडच्या टोकावरच्या छोट्या नटावर, नीट बसणाराच घ्या. सैल पान्याने निप्पलचे कोपरे झिजले की ते पुढे पान्याला दाद देत नाही.

आधी रिम धरून चाक आडवं हलवून बघा. खडखडलं तर कोन (चाकाच्या मधल्या हबमधला, बेअरिंग धरून ठेवणारा नट) ढिला आहे. तो कसल्याशिवाय पुढे जाऊ नका. मग एकेक स्पोक चाचपा. बऱ्याचदा एखादा तुटलेला किंवा पार ढिला झालेला स्पोकच आउटचं कारण असतो. नवा स्पोक जुन्याच लांबीचा आणि जाडीचा हवा. मागच्या चाकात फ्रीव्हीलकडचा (चेन बसते त्या दात्यांच्या चक्राकडचा) तुटला असेल, तर तो घालायला बहुधा फ्रीव्हील काढावं लागतं. तेवढं काम दुकानात करून घेतलेलं बरं.

निप्पल गंजली असतील तर स्पोक आत शिरतो तिथे तेलाचा एकेक थेंब सोडून तासभर थांबा. ब्रेक लागतो त्या जागी तेल लागलं, तर लगेच पुसा.

आता चाक ज्यात बसतं त्या चिमट्याला रबरबँडने एक काडी बांधा. तिचं टोक रिमच्या अगदी जवळ येऊ द्या. चाक हळूहळू फिरवा आणि रिम काडीला टेकते तिथे खडूने खूण करा. त्या खुणेपाशी काडीच्या बाजूचे स्पोक ढिले करायचे आणि समोरच्या बाजूचे कसायचे, दोन्ही पाव फेराच. नुसतं कसत गेलात तर रिम तिथे आत ओढली जाते आणि चाक अंडाकृती होतं. दिशेचा घोळ इथेच होतो: टायरकडून हबकडे बघताना निप्पल घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरवलं की स्पोक कसला जातो. हबकडून बघाल तर हेच उलटं दिसेल.

प्रत्येक वेळी चाक फिरवून बघा. घाई केलीत तर एक आउट काढताना दुसरा तयार होतो. हेलकावा एक मिलिमीटरच्या आत आला की पुरे.

मग काडी रिमच्या कडेवर आडवी धरून वर-खाली बघा. रिम बाहेर आली असेल तिथे डावा-उजवा असे शेजारचे दोन्ही स्पोक सारखेच कसा. खड्ड्यात आपटून रिमच चेपली असेल, तर ती पान्याने सरळ होत नाही, रिम बदला.

स्पोक बोटाने छेडून आवाज ऐका. एका बाजूचे सगळे साधारण एकाच सुरात वाजायला हवेत. मागच्या चाकात फ्रीव्हीलकडचे जास्त ताणलेले असतात, म्हणून त्यांची तुलना दुसऱ्या बाजूशी करू नका.

शेवटी शेजारचे दोन-दोन स्पोक मुठीत दाबा. पीळ बसलेले स्पोक कटकट वाजून मोकळे होतील. मग पुन्हा एकदा आउट तपासा. बरेच स्पोक कसले असतील तर टायर काढून निप्पलबाहेर आलेली टोकं कानशीने घासा, नाहीतर तीच ट्यूबला टोचतात.