‘प्रकाशक : लेखक स्वतः’

आमच्या वाचनालयात दर महिन्याला आठ-दहा पुस्तकं अशी येतात, जी आम्ही मागवलेली नसतात. कुणी हातानं आणून देतं, कुणी कुरिअर करतं. एकदा एस.टी.च्या पार्सलमधून वीस प्रतींचा गठ्ठाच आला, सोबत चिठ्ठी : ‘इतर वाचनालयांनाही वाटाव्यात.’ पहिल्या पानावर ‘सप्रेम भेट’ आणि सही, आतल्या पानावर प्रकाशक म्हणून लेखकाच्या पत्नीचं नाव, पत्ता घरचाच. मी सातारा जिल्ह्यातल्या एका ‘ब’ वर्ग वाचनालयात ग्रंथपाल आहे. ही पुस्तकं दाखल नोंदवहीत चढवायची, ‘भेट’ असा शिक्का मारायचा आणि मागच्या कपाटात लावायची, एवढाच माझा त्यांच्याशी संबंध होता. एका साप्ताहिकाचे संपादक एकदा ते कपाट बघून म्हणाले, “मॅडम, हे कुणी वाचतं का?” मी म्हटलं, “मीसुद्धा नाही वाचत.” यावर त्यांनी अशा पुस्तकांच्या परीक्षणांचं सदरच माझ्या गळ्यात घातलं. आठवड्याला तीन पुस्तकं, प्रत्येकी दीडशे शब्द.

त्याला नऊ वर्षं झाली. पहिली दोन वर्षं मानधन म्हणजे अंकाची एक प्रत होती. आता थोडे पैसे मिळतात, पण त्यावर घर चालेल अशा भ्रमात कुणी राहू नये. यंदा एम. ए. मराठीच्या दोन मुली विचारायला आल्या, की असं काही लिहायचं तर सुरुवात कुठून करायची. त्यांना तोंडी जे सांगितलं, ते इथे जरा नीट मांडते.

आधी माझी फजिती. सदराच्या दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यातच एक कादंबरी आली. पानं साडेतीनशे, वेळ एक रात्र. मी प्रस्तावना वाचली, मधली पन्नास पानं चाळली आणि लिहून टाकलं : ‘नायकाचा करुण अंत वाचकाला अस्वस्थ करतो.’ अंक निघाल्यावर लेखकाचा फोन आला. आवाज शांत होता. “ताई, माझा नायक मेला कधी?” प्रस्तावनाकारांनी तसं लिहिलं होतं. त्यांना दिलेल्या पहिल्या खर्ड्यात तो मरत होता. नंतर लेखकानं शेवट बदलला आणि प्रस्तावना तशीच राहिली. म्हणजे पुस्तक न वाचता लिहिलेल्या मजकुरावर विसंबून, पुस्तक न वाचलेल्या मी मत दिलं होतं. पुढच्या अंकात चार ओळींची दिलगिरी छापली. तेव्हापासून प्रस्तावना, पाठराखण (मागच्या कव्हरवरचा मजकूर), मनोगत हे सगळं मी शेवटी वाचते. कधी कधी वाचतही नाही.

मात्र एक पान मी सगळ्यात आधी वाचते. मुद्रक, आवृत्ती, किंमत, अक्षरजुळणी अशी माहिती असलेलं ते छोट्या टाइपातलं पान. त्यातून पुस्तकाची जन्मकथा कळते. लेखक आणि प्रकाशक एकाच घरातले असतील, तर या मजकुरावरून संपादकाची पेन्सिल बहुधा फिरलेली नाही, हे समजून वाचायला बसायचं. इथे एक फरक मात्र ध्यानात ठेवा. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या नवलेखक अनुदान योजनेतून आलेलं पहिलं पुस्तक दिसायला तसंच साधं असतं, पण त्याचं हस्तलिखित कुणीतरी तपासून मंजूर केलेलं असतं. ती दोन पुस्तकं एका मापानं मोजू नयेत.

याच पानावर आयएसबीएन असतो. तो असला म्हणजे पुस्तक ‘सरकारमान्य’ झालं, असं कित्येक लेखकांना वाटतं. तसं काही नाही. तो नुसता ओळख क्रमांक आहे, तेरा आकडी, आणि आपल्याकडे राजा राममोहन रॉय यांच्या नावाची सरकारी एजन्सी तो फुकट देते. स्वतःचं पुस्तक स्वतः छापणाऱ्यालाही देते. तरी एका निवृत्त ग्रामसेवकांकडून पुस्तक छापून देणाऱ्या ‘पॅकेज’वाल्यांनी त्याचे वेगळे पैसे घेतले होते. पावतीच दाखवली त्यांनी मला. हे परीक्षणात लिहायचं नसतं, पण लेखक भेटले की सांगायचं असतं. तसंच दुसरं : १९५४च्या कायद्यानुसार छापलेल्या पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि चेन्नई, मुंबई, दिल्ली इथल्या नेमून दिलेल्या ग्रंथालयांना प्रकाशकानं पाठवायची असते. मला वीस प्रती पाठवणाऱ्या गृहस्थांनी तिकडे एकही धाडली नव्हती.

आता वाचन. दीडशे शब्दांसाठी अख्खं पुस्तक वाचायचं का? हो. पण सगळं सारख्या वेगानं नाही. संपादक नसलेल्या पुस्तकात लेखक बराच वेळ ‘लेखक’ होण्याच्या खटपटीत असतो. सूर्य तिथे उगवत नाही, ‘सहस्ररश्मी आपल्या सुवर्णकिरणांची उधळण’ करतो. अशी पानं उलटत जायची. पण कुठेतरी तो दमतो आणि त्याला खरोखर ठाऊक असलेली गोष्ट सरळ सांगू लागतो. एका एस.टी. चालकाच्या आत्मकथनात बालपण, आईची थोरवी, गुरुजनांचे उपकार असं सगळं रीतीप्रमाणे होतं, आणि मग दोन पानांत पावसाळ्यात घाट उतरताना गिअर कुठला ठेवायचा, ब्रेकवर पाय किती वेळ द्यायचा, समोरच्या ट्रकचा क्लीनर हात कसा हलवतो यावरून पुढे दरड आहे की नुसती गर्दी हे कसं ओळखायचं. ते पान मिळालं की परीक्षण मिळालं. बाकीचे शंभर शब्द त्या पानापर्यंत वाचकाला नेण्यासाठी.

प्रकारानुसार वाचायची रीत मात्र बदलते.

कवितासंग्रह सगळ्यात जास्त येतात, आणि त्यांतले निम्मे चारोळ्यांचे. ते मोठ्यानं वाचा. दाराआड का होईना, पण मोठ्यानं. मुक्तछंद म्हणून तोडलेल्या ओळी कानाला लगेच गद्य वाटतात. गझल असेल तर आधी काफिया-रदीफ, म्हणजे यमक आणि त्यामागे पुन्हा पुन्हा येणारा शब्द, तपासा; पहिल्या शेरात ‘जाळले, पाळले’ जुळवून तिसऱ्यात ‘भेटले’ आलं, की समजायचं कवीला गझल नाही, गझलेचा मुखवटा हवा होता. अजून एक. आवडलेली ओळ इंटरनेटवर शोधून बघा. एका संग्रहातल्या तीन कविता व्हॉट्सॲपवर कितीतरी वर्षं निनावी फिरत होत्या; कवीनं त्या ‘संकलित’ केल्या आणि खाली आपलं नाव घातलं. विचारल्यावर म्हणाले, “कुणाच्या नव्हत्याच ना त्या!” तो संग्रह मी परत केला.

गावाचा इतिहास आणि कुलवृत्तांत यांच्याकडे शहरी परीक्षक नाक मुरडतात. मला हे प्रकार फार आवडतात. त्यांत एकच गोष्ट बघायची : लेखकानं ऐकीव आणि कागदी वेगळं ठेवलंय का? ‘जुनी माणसं सांगतात’ असं म्हणून आख्यायिका दिली तर हरकत नाही. पण शिवाजी महाराज आमच्या वाड्यात मुक्कामी होते हे नुसतं विधान, ना कागद ना मोडी पत्राचा फोटो, तर परीक्षणात तसं म्हणायचं. मी साताऱ्याचं १८८५चं गॅझेटियर हाताशी ठेवते. गावाचा उल्लेख, देवळं, बाजाराचा वार एवढं तरी पडताळून होतं. इंग्रजांनी लिहिलं म्हणजे ब्रह्मवाक्य नव्हे, पण पडताळायला काहीतरी लागतंच.

शेतीच्या पुस्तिका मी एकटी वाचत नाही. आमच्याकडे रोज पेपर वाचायला येणारे एक बागायतदार काका आहेत, त्यांच्या हातात देते. एकदा ते चष्मा कपाळावर सरकवून हसत सुटले. जीवामृत या शेण-गुळाच्या द्रवखताच्या कृतीत छापलं होतं : दोनशे लिटर पाण्यात गूळ १० किलो आणि शेण १ किलो. “अगं, हे जीवामृत नाही, काकवी झाली! मुंग्या येतील शिवारभर.” आकडे उलटे पडले होते, शेण दहा किलो असतं आणि गूळ किलो-दोन किलो. लेखक स्वतः उत्तम शेतकरी, चूक जुळणी करणाऱ्याची. परीक्षणात मी बरोबर प्रमाण छापलं, आणि त्यांनी उरलेल्या प्रतींत पेनानं दुरुस्ती केली.

जुळणीच्या चुकांबद्दल थोडं. जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये नेताना सगळ्यात आधी बळी जातो तो अर्ध्या ‘ऱ’चा. एका ट्रेकरच्या पुस्तकात सबंध सह्याद्रीच्या दऱ्यांचा ‘दर्या’ झाला होता. कोकणकड्यावरून खाली पाहिलं की खोल दर्या! दुसऱ्या एका आठवणींच्या पुस्तकात लग्नाच्या पंगतीत ‘आचार्यांनी’ भजी तळली होती. हसू येतं, पण दीडशेतले पन्नास शब्द अशा चुका मोजण्यात घालवायचे नाहीत. मी एका वाक्यात सांगते आणि यादी लेखकाला वेगळी पाठवते. वाचकाला अडखळवतात त्या चुका आणि नुसत्या मास्तरला खुपतात त्या, यांत फरक करा.

पाककृतींच्या पुस्तकातला एक पदार्थ करून बघा. बालकविता मूल वाचून दाखवत असताना ऐका. कुठल्या जोडाक्षराला ते थांबतं ते कळतं. रहस्यकथेत खुनी सांगू नका. यापेक्षा जास्त सांगण्यासारखं तिथे काही नाही.

लिहायला बसलात की काही शब्द टाळा : वाचनीय, संग्राह्य, आशयघन, ओघवती भाषा, हृदयस्पर्शी, ‘साहित्यविश्वात मोलाची भर’. हे शब्द पुस्तक न उघडता लिहिता येतात, आणि वाचकाला ते पक्कं ठाऊक असतं. एका निवृत्त मुख्याध्यापकांच्या आत्मचरित्राबद्दल मी आधी लिहिलं होतं : ‘गुरुजींनी आपला खडतर जीवनप्रवास ओघवत्या भाषेत मांडला आहे.’ खोडलं. मग लिहिलं : ‘बहात्तरच्या दुष्काळात पोरं शाळा सोडून खडी फोडायला गेली, तेव्हा गुरुजी हजेरीचं पुस्तक घेऊन पाझर तलावाच्या कामावर जात आणि सुकडी वाटपाच्या रांगेत पाढे घेत. पान २३७ ते २४० आधी वाचावीत.’ शब्द थोडे जास्त गेले, पण त्या आठवड्यात दोघं जण ते पुस्तक मागायला आले. मागच्या कपाटातलं पुस्तक कुणी नावानं मागण्याची ती आमच्याकडची पहिलीच वेळ.

कवितेच्या चार ओळी उद्धृत केल्या तर परवानगी लागते का, असं त्या मुलींनी विचारलं होतं. परीक्षणासाठी बेताचं अवतरण घ्यायला कॉपीराइट कायदा मुभा देतो. अख्खी कविता छापू नका, म्हणजे झालं. शेवटी किंमत, पृष्ठसंख्या आणि पुस्तक कुठे मिळेल हे न चुकता द्या. हे पुस्तक अप्पा बळवंत चौकात मिळणार नसतं; लेखकाच्या घरातल्या पलंगाखाली असतं. फोन नंबर छापायचा तर आधी त्यांना विचारून.

राहिला प्रश्न भिडेचा. तालुक्याचं गाव, लेखक रोज बाजारात भेटणार. ‘चार चांगले शब्द लिहा’ म्हणतात, कुणी पुस्तकात पाकीट घालून देतं. पाकीट तिथल्या तिथे परत. प्रकाशन समारंभाला मी जाते, पण ज्या पुस्तकावर लिहायचंय त्याच्या समारंभाला नाही. एकदा पंगतीत बसलं की लेखणी जड होते. पुस्तक अगदीच फसलेलं असेल तर ‘साभार पोच’मध्ये, म्हणजे आलेल्या पुस्तकांच्या यादीत, नुसतं नाव छापते आणि गप्प बसते. स्वतःच्या पेन्शनमधून तीनशे प्रती काढणाऱ्या माणसाला दीडशे शब्दांत सोलून काढण्यात काय मर्दुमकी? संपादक याला मुळमुळीतपणा म्हणतात. पण आजार बरा करण्याचे दावे, चोरलेला मजकूर, एखाद्या जातीविषयी गरळ असं काही असेल तर गप्प राहत नाही. तिथे नाव, पान आणि ओळ देऊन लिहायचं.

ते मुख्याध्यापक गुरुजी अंक निघाल्यावर वाचनालयात आले होते. अंकाची घडी खिशात. मला वाटलं, आभार मानायला आले असतील. बराच वेळ पंख्याखाली बसले, मग म्हणाले, “मॅडम, तुम्ही ज्या पानांचं लिहिलंत, ती मुळात नव्हतीच.”

“म्हणजे?”

“पुस्तक दोनशे छत्तीस पानांत संपलं होतं. प्रेसवाला म्हणाला, सोळा पानांचा फॉर्मा. पंधरावा फॉर्मा चार पानांनी कमी पडतोय, कोरी सोडू का? म्हटलं, कोरी कशाला, कागदाचे पैसे तर दिलेत. रात्री बसून लिहिलं आणि सत्काराच्या फोटोंच्या मागे घातलं. मुलगा म्हणत होता, हे दुष्काळाचं रडगाणं कुणाला हवंय.”

आता मी कुठलंही आत्मचरित्र हातात आलं की शेवटचा फॉर्मा आधी वाचते.

गुरुजी दुसरी आवृत्ती काढताहेत. मला विचारत होते, दुष्काळावर अजून एक फॉर्मा वाढवू का. मी म्हटलं, जरूर वाढवा, आणि सत्काराचे फोटो कमी करा. पहिलं त्यांनी लगेच कबूल केलं. दुसऱ्याला मान हलवली. “फोटो राहू देत. त्यांत जे आहेत, तेच तर पुस्तक विकत घेतात.”