गावातल्या बायका-पुरुषांचा हिशेब कसा मांडायचा

"रत्नागिरीत बायकांची संख्या जास्त, म्हणजे इथे मुलींना मान आहे," असं व्यासपीठावरून ऐकलं की मला गप्प बसवत नाही. 2011च्या जनगणनेत जिल्ह्यात 8,53,948 स्त्रिया आणि 7,61,121 पुरुष मोजले गेले. हजार पुरुषांमागे 1122 स्त्रिया. त्याच जनगणनेत मुंबई शहर जिल्ह्याचा आकडा 832 होता. पुरुष जिथून गेले तिथला आकडा चढला, जिथे गेले तिथला उतरला. मानाचा इथे संबंध नाही.

मी संगमेश्वर तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं आणि प्रगणक म्हणून वाड्या पालथ्या घातल्या. आपल्या गावाचा हा हिशेब बचत गटातल्या बायका, कॉलेजची मुलं, ग्रामपंचायत सदस्य, कुणालाही मांडता येतो.

सुरुवात जनगणनेच्या संकेतस्थळावरून करा. गाववार तक्ता तिथे फुकट मिळतो. स्त्रियांच्या संख्येला पुरुषांच्या संख्येने भागा आणि हजाराने गुणा. मग हेच गणित 0 ते 6 वयाच्या मुला-मुलींचं वेगळं करा. हे दोन आकडे कधीही एकत्र करू नका, कारण सहा वर्षांचं पोर एकटं मुंबईला नोकरीला जात नाही. निसर्गाने हजार मुलग्यांमागे साधारण 950 मुली जन्माला येतात. रत्नागिरीत लहान मुलांचा आकडा 2011 साली 940च्या आसपास होता. म्हणजे 1122 हा आकडा जन्मातून आलेला नाही, तो घर सोडून गेलेल्या कर्त्या पुरुषांमुळे आला आहे. उलट बीडमध्ये लहान मुलांचा आकडा 807 होता. तिथे मुली गर्भातच मारल्या गेल्या. बीडचे ऊसतोड कामगारही स्थलांतर करतात, पण कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. दोघंही जातात, म्हणून त्या स्थलांतराने स्त्री-पुरुषांचं प्रमाण फारसं हलत नाही. कोण जातं यापेक्षा कोण मागे राहतं, ते आधी विचारा.

लहान गावात शंभरभरही पोरं नसतात. दोन-चार मुलींच्या फरकाने आकडा उडतो. अशा वेळी शेजारची गावं मिळून बघा.

आता वाडीतली मोजणी. मतदार यादीवर विसंबू नका, कारण परळ-लालबागला आयुष्य काढलेल्या चाकरमान्याचं नाव गावच्या यादीत असतंच. घरोघरी जा, पण गणपतीत, शिमग्यात आणि मे महिन्यात नको. 2011ची मोजणी 9 ते 28 फेब्रुवारीला झाली, तेव्हा चाकरमानी मुंबईतच होते. शिमगा मार्चमध्ये होता. प्रत्येक माणसापुढे इतकंच लिहा: बाई की पुरुष, वय, गेल्या सहा महिन्यांत बहुतेक रात्री कुठे झोपला, आणि बाहेर असेल तर कशासाठी. नावं लिहू नका.

लग्न होऊन गेलेल्या लेकी धरू नका, कारण त्यांच्या जागी सुना आलेल्या असतात. नोकरीसाठी गेलेल्या अविवाहित मुली मात्र धरा. जनगणनेत स्त्रियांच्या स्थलांतराचं सगळ्यात मोठं कारण लग्न दिसतं, पुरुषांचं काम. ही दोन स्थलांतरं एका रकान्यात कोंबली की हिशेब फसतो.

शेवटी दोन बेरजा करा. समजा वाडीत 118 बायका आणि 92 पुरुष राहतात, म्हणजे 1283. बाहेरगावच्या 17 मुली आणि 41 पुरुष मिळवले की 135 आणि 133, म्हणजे 1015. या दोन आकड्यांतलं अंतर म्हणजे तुमच्या वाडीचं स्थलांतर.

मग आलेख कागदावर पाच-पाच वर्षांचे वयोगट मांडा, डावीकडे पुरुष, उजवीकडे बायका. वीस ते पंचेचाळीसच्या पट्ट्यात डावी बाजू आत गेलेली दिसेल. साठीनंतर ती थोडी भरते, कारण निवृत्त माणसं गावी परततात. त्याहून वरच्या वयात पुन्हा बायका जास्त, पण ते आयुर्मानामुळे. म्हाताऱ्या विधवांची गणना स्थलांतराच्या खात्यात घालू नका.

हल्ली एक गुंता वाढलाय, त्यावर वेळ द्या. आंब्याच्या बागांत राखणीला आणि मच्छीमार बोटींवर खलाशी म्हणून नेपाळी पुरुष येतात. ते मोजणीत आले की गावातून गेलेल्या पुरुषांची जागा कागदावर भरलेली दिसते. त्यांचा रकाना वेगळा ठेवा. तेही कुणाच्या तरी गावात अशीच रिकामी जागा सोडून आलेत. दुसरं, पूर्वी गिरणीत एकटा पुरुष जायचा, गावकीच्या खोलीत राहायचा, खाणावळीत जेवायचा आणि मनीऑर्डर करायचा. आता बायको-मुलंही जातात, घराला कुलूप लागतं. जिल्ह्याचा आकडा 2001 साली 1136 होता, तो 1122 झाला. सिंधुदुर्गाचा 1079 वरून 1036 वर आला. आकडा हजाराकडे सरकला म्हणून गाव सावरलं असं समजू नका. बंद घरंही मोजा.

हा कागद ग्रामसभेआधीच्या महिला सभेत ठेवा आणि सोबत एक रकाना जोडा: राहत्या घरांपैकी किती ठिकाणी शेत बाई कसते आणि सातबारा बाहेर राहणाऱ्या पुरुषाच्या नावावर आहे. नांगरणीचा माणूस बघण्यापासून लावणी-कापणीपर्यंत सगळं तीच करते, पण अनुदानाचे पैसे त्याच्या खात्यात पडतात आणि सहीसाठी गणपतीपर्यंत थांबावं लागतं. नवऱ्याच्या हयातीत बायकोचं नाव सातबाऱ्यावर लावण्यासाठी लक्ष्मी मुक्ती योजना आहे. त्यासाठी अर्ज नवऱ्याने करायचा असतो. म्हणून आकडे फेब्रुवारीत गोळा करा आणि कोरे अर्ज गणपतीआधी तलाठ्याकडून आणून ठेवा, म्हणजे माणूस घरी असतानाच त्याची सही होईल.